पावसाळ्यासाठी माळवं वाळवून ठेवायचंय, किती घेऊ?

गच्चीवालं_वाळवण: आम्ही घरात ५ जण, सासू-सासरे धरून. आषाढ-श्रावणात माळवं महाग होतं अन् चिखलाने भरलेलं मिळतं म्हणून आत्ता मेच्या उन्हातच वाळवून ठेवावं म्हणतेय. गवार, भेंडी, मेथी किती घेऊ? आणि कांदा पोत्याने घ्यावा का, सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत.

जुळेसोलापूरकर: आठवड्यात किती वेळा करणार ते आधी ठरवा ताई, मग बाजारात जा. १ किलो निवडलेली गवार वाळून साधारण २०० ग्रॅम उरते. ५ जणांना एका वेळेला १०० ग्रॅम वाळलेली बास होते, म्हणजे आठवड्यातून एकदा धरली तर १० आठवड्यांना ५ किलो ताजी. भेंडीत पाणी जास्त, किलोला १०० ग्रॅमच्या आसपासच हाती येते, त्यामुळं ती थोडीच करा. मेथी आत्ता नको, थंडीत स्वस्त आणि कोवळी असते तेव्हा सावलीत वाळवा, कडक उन्हात हिरवेपणा जातो.

आज्जीची_बरणी: गवार मिठाच्या उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात काढ, निथळू दे आणि पातळ सुती कापड वरून टाकून वाळव, धूळ फार असते गं आपल्याकडं. संध्याकाळी आत घ्यायची. शेंग कटकन मोडली पाहिजे, वाकली तर अजून ऊन दे. अन् उन्हातून आणली की गरम गरम बरणीत भरू नको, आत वाफ धरते आणि बुरशी येते. आठ दिवसांनी बघ, बरणीला आतून दमट दिसलं तर परत गच्चीवर. बुरशी आलेली मात्र सरळ टाकून दे, चांगली चांगली निवडून ठेवायची नाही.

बाजारसमितीच्या_मागे: कांदा उन्हाळीच घ्या, हिवाळ्यातला लाल टिकत नाही. मान बारीक आणि सुकलेली बघून घ्यायचा. ४ जण खाणारे म्हणजे आठवड्याला ३ किलो धरा, थोडा सडणार, तरी एक ५० किलोचं पोतं ३-४ महिने जातं. पोत्यात ठेवू नका, हवा लागेल असा पसरा, बटाट्यापासून लांब. बटाटा तर साठवूच नका, आपल्या गरमीत टिकत नाही. सासूबाईंसाठी देठासकट आख्खा लाल भोपळा आणा, न कापता २-३ महिने छान राहतो.

गच्चीवालं_वाळवण: खूप छान सांगितलंत सगळ्यांनी! उद्याच ५ किलो गवार आणते. आज्जी, भाजी करताना भिजवायची किती वेळ?

आज्जीची_बरणी: कोमट पाण्यात अर्धा तास, मग शेंगदाण्याचा कूट आणि काळं तिखट घालून रसरशीत कर. मीठ चव बघून घाल, शेंगेत आधीच असतं. भाकरीबरोबर लई भारी लागते बघ.