तपासणीचा डबा असताना चावीवाल्याची रोजची पायपीट कशाला?

गोदाकाठ: परभणी-मनमाड मार्गावर रूळ मोजणारी गाडी येऊन गेली की ठेसनावर तीच चर्चा. माझं मत सरळ आहे. त्या गाडीतला हा तपासणीचा डबा धावता धावता मोजतो, म्हणजे रुळावर वजन असताना. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं १६७६ मिलिमीटरचं अंतर कुठं सुटलं, एक रूळ कुठं खाली बसला, वळणाची रेषा कुठं बिघडली, सगळ्याचा आलेख निघतो. वजनाखाली रूळ कसा वागतो ते मोकळ्या रुळावर पट्टी लावून दिसत नाही. मग चावीवाला, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारा माणूस, भर मे महिन्यात उन्हात चालवायचा कशाला?

पूर्णावाला: भाऊ, डबा अधूनमधून येतो, चावीवाला रोज. माझे वडील हेच काम करायचे. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी क्लिप निसटली की हातोड्याच्या दोन ठोक्यांत जागेवर बसवायची अन् पुढं निघायचं. आलेखात लिहून ठेवण्याएवढी ती टिकायचीच नाही! जानेवारीच्या पहाटे रूळ आकसून जोडापाशी तुटला तर? रूळ पाहत फिरणारा गस्तवाला ६०० मीटरवर एक अन् १२०० मीटरवर तीन फटाके (चाकाखाली वाजून ड्रायव्हरला सावध करणारे) रुळावर लावून गाडी थांबवतो. तुमचा डबा तवा कुठल्या विभागात असंल देव जाणे.

खडी_आणि_स्लीपर: दोघंही अर्धंच सांगताय. रुळाच्या पोटातली भेग या मोजणीत येत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींची, तपासणी वेगळी, आपल्याकडं तिची ढकलगाडी अजूनही माणसंच रुळावरून हातानं ढकलत नेतात. त्यामुळं गोदाकाठ, डबा आला म्हणून पायपीट संपत नाही.
पण पूर्णावाले, आपली काळी माती विसरू नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भराव एका अंगानं बसतो. थोड्या अंतरात दोन रुळांची उंची उलटसुलट झाली की चाक वर चढायचा धोका, आणि हा पीळ चालताना डोळ्यांना सहसा कळत नाही. खडी टाकून जागा सारखी केली तरी पुढच्या पावसाळ्यानंतर आलेखात तोच किलोमीटर पुन्हा! चावीवाला फार तर म्हणेल, 'इथं गाडी हेलकावते.'

गोदाकाठ: मग मी वेगळं काय म्हणत होतो?

सेलूकर: आलेखाचं कौतुक पुरे. दुरुस्तीला ब्लॉक लागतो, म्हणजे गाड्या थांबवून मोकळा ठेवलेला वेळ. एकेरी मार्ग, समोरून गाडी, मागून गाडी. खडी ठोकून रूळ सरळ करणारं टॅम्पिंग मशीन सायडिंगला उभं. परभणी-संभाजीनगर दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, पण दुसरा रूळ पडेपर्यंत काय? दोष सापडला की वेग कमी करायचा बोर्ड लागतो, आणि मग आम्ही गाडीला उशीर झाला म्हणून बोंबलतो.

गोदाकाठ: ब्लॉक मिळत नाही यात डब्याचा काय दोष?

पूर्णावाला: दोष कोण देतंय? मी म्हणतो, डबा ज्या बीटवरून, म्हणजे चावीवाल्याच्या वाट्याच्या रुळावरून, जातो तिथल्या चावीवाल्याला एकदा आत बसवा. त्याच्या पायाखालची जागा आलेखात कशी दिसते ते त्यालाही कळू द्या.

खडी_आणि_स्लीपर: बसवतो की. त्या दिवशी त्याच्या बीटवर कोण चालणार, तेवढं नाव द्या.