शब्दचर्चा : टंगस्टनची ‘सहनशीलता’ की ‘टिकाव’?

प्रश्न (अंबाजोगाई)

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून एक टिपण लिहीत असून त्याचे शीर्षक सध्या ‘तीव्र किरणोत्सर्गात टंगस्टनची सहनशीलता’ असे ठेवले आहे. लेझरच्या साहाय्याने घडवलेल्या अणुसंमीलनात इंधनाची गोळी फुटली की क्ष-किरणांचा झोत सर्वांत आधी भोवतालच्या भिंतीवर पोहोचतो. त्या भिंतीला टंगस्टनचे अस्तर चालेल काय, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत टंगस्टनच्या तुकड्यांवर अशाच झोतांचा पुन्हा पुन्हा मारा करून पाहतात, एवढाच टिपणाचा विषय आहे. ‘सहनशीलता’ हा शब्द मला माणसाच्या स्वभावाचा वाटतो आणि ‘टिकाऊपणा’ म्हणावे तर चपलांची जाहिरात होते. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर (नांदेड)

मॅडम, ‘सहनशीलते’कडे वळण्यापूर्वी ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द काढावा, अशी विनंती आहे. तो शब्द अणुकेंद्रातून आपोआप होणाऱ्या उत्सर्जनाशी जोडलेला आहे. वर्तमानपत्रे तो सरसकट वापरतात म्हणून आपणही वापरावा असे नाही. या चाचण्यांतल्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी टंगस्टन किरणोत्सारी होत नाही, ते फक्त तापते. संमीलनाच्या भट्टीत नंतर येणारे न्यूट्रॉन अणुकेंद्रात बदल घडवतात, पण तो या चाचणीचा विषय नव्हे. ‘प्रारण’ किंवा सरळ ‘क्ष-किरण’ म्हणावे.

‘तीव्र’ या विशेषणालाही माझी हरकत आहे, कारण ते सांगायचे ते सांगत नाही. टंगस्टन 3,422 अंश सेल्सिअसला वितळते, धातूंमध्ये सर्वांत उशिरा, आणि म्हणून विद्यार्थी गृहीत धरतात की त्याला काही होणार नाही. एक हिशेब करून पाहावा. 1 चौरस सेंटीमीटर पृष्ठावर 1 ज्यूल ऊर्जा पडली आणि ती 1 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात हळूहळू मुरली, तर तापमान जेमतेम 4 अंशांनी वाढेल. पण 1 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण एका मायक्रोमीटरपेक्षाही कमी खोलीत शोषले जातात आणि झोत 10 नॅनोसेकंदांत संपला, तर तेवढ्या वेळात उष्णता आत सरकते तीही साधारण एक मायक्रोमीटरच. तोच 1 ज्यूल एवढ्या पातळ थरात कोंडला की पृष्ठभाग काही हजार अंशांनी तापतो आणि खालचा धातू मात्र थंडच असतो. तेव्हा शीर्षकात ‘स्पंदित’, म्हणजे सलग नव्हे तर क्षणिक झोतांनी येणारे, हा शब्द आलाच पाहिजे; ‘तीव्र’ नसला तरी चालेल. मजकुरातही नुसती ‘तीव्रता’ न लिहिता ‘दर स्पंदामागे दर चौरस सेंटीमीटरला इतके ज्यूल’ असे मोजमाप द्यावे. त्याला फ्लुएन्स म्हणतात. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवण्याची हौस मला नाही.

उत्तर (वाळूज)

टिपणात ‘भेगा’ हा शब्द आला असेल तर तोही बदलावा, असे सुचवतो. भेग जमिनीला पडते आणि टाचेला पडते; धातूला तडा जातो. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या डाय-कास्टिंगचे साचे आहेत. वितळलेला धातू आत आला की साच्याचा पृष्ठभाग एकदम तापतो, लगेच फवारा मारून तो थंड होतो, आणि हजारो शॉटनंतर त्यावर बारीक तड्यांचे जाळे दिसू लागते. कामगार त्याला ‘हीट चेक’ म्हणतात. साचा कधीही वितळत नाही, तरी निकामी होतो.

उत्तर (नांदेड)

वाळूजच्या मित्रांनी नेमके सांगितले. टंगस्टनमध्येही तेच घडते. तापलेला वरचा थर फुगू पाहतो, खालचा थंड धातू त्याला फुगू देत नाही, म्हणून तो दाबाखाली कायमचा दबतो. निवताना तोच थर आखूड पडतो आणि ताणला जातो. टंगस्टन साध्या तापमानाला ठिसूळ असते आणि काहीशे अंशांच्या वरच ते वाकण्याजोगे होते, त्यामुळे निवताना आलेला ताण त्याला सोसत नाही. शिवाय सुमारे 1,200 ते 1,400 अंशांच्या वर फार काळ राहिल्यास त्याचे कण, म्हणजे धातूतले सूक्ष्म स्फटिक, नव्याने घडून मोठे होतात व धातू आणखी ठिसूळ होतो. आधी पृष्ठभाग खडबडीत होतो, मग तडे जातात, आणि यातले पुष्कळसे वितळबिंदूच्या खालीच उरकते. या प्रकाराला कोणी ‘औष्णिक श्रांती’ म्हणतात, कोणी ‘शिणवटा’. मला दुसरा शब्द जवळचा वाटतो.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मग ‘तग’ कसा वाटतो? पावसाने ओढ दिली तरी सोयाबीनने तग धरला, असे आपण म्हणतोच.

उत्तर (हिंगोली)

ताई, तग धरण्यात पुढे पाऊस येणार ही आशा गृहीत असते. येथे तशी सुटका नाही. लेझर-संमीलनाच्या संकल्पित वीजकेंद्रात सेकंदाला 10 स्पंद धरले, तर एका दिवसात 8,64,000 होतात. म्हणून एका स्पंदानंतर तुकडा चकचकीत राहिला, यावरून काहीच ठरत नाही. ‘टिकाव’ घ्यावा. टिकाव लागणे वा न लागणे यात ‘किती काळ’ हा प्रश्न आपोआप येतो आणि समोर मारा करणारे कोणीतरी आहे, हेही कळते. ‘स्पंदित क्ष-किरणांच्या माऱ्यापुढे टंगस्टनचा टिकाव’ असे शीर्षक मी देईन. मात्र ‘टिकाव लागला’ असे नुसते लिहू नये. किती ज्यूलच्या किती स्पंदांनंतर, सुरुवातीचे तापमान किती असताना, आणि टिकाव म्हणजे न वितळणे, तडा न जाणे की खडबडीत न होणे, हे त्याच वाक्यात यावे. तुकडा लाटलेल्या पत्र्याचा होता की भुकटी दाबून भाजलेला, हेही लिहावे, कारण कणांची ठेवण बदलली की तडे जाण्याची दिशा बदलते.