सर्कशीचे मूकपट: कोणती प्रत, कोणता वेग?

रीळवेडा: 'व्हरायटी' (१९२५), 'द अननोन' (१९२७) आणि चॅप्लिनचा 'द सर्कस' (१९२८) ओळीने दाखवायचे आहेत. पहिल्या दोन्हींच्या प्रती वेगवेगळ्या लांबीच्या मिळतात. 'व्हरायटी'च्या एका प्रतीत तर झुल्यावरची मंडळी भलत्याच घाईत दिसतात. चित्रणच तसं आहे की वेग चुकलाय?

तंबूतला: झुल्यावरूनच मोजा. झोक्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. लटकलेल्या माणसाच्या उंचीच्या पटीत दोरीचा अंदाज घ्या. ४ मीटर दोरी आणि हातांनी लटकलेला माणूस, म्हणजे गुरुत्वमध्य आणखी मीटरभर खाली. जाऊन-येऊन साधारण साडेचार सेकंद लागायला हवेत. साडेतीनच्या आत-बाहेर आले, तर सेकंदाला १८ फ्रेमने घेतलेलं चित्रण बहुधा २४ ने पळतंय. अख्खा झोका एका शॉटमध्ये क्वचितच मिळतो, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा वेळ घेऊन दुप्पट करा.

उपाय सोपा: प्लेअरचा वेग ०.७५ ठेवा, ध्वनिपट बंद करा, संगीत वेगळं लावा. मात्र हालचाल ठरावीक अंतराने अडखळत असेल, तर फ्रेम पुन्हा छापून वेग आधीच सुधारलेला असतो. ती प्रत आणखी संथ केलीत तर सगळे पाण्यात चालल्यासारखे दिसतील.

जुनी_फिल्म: वेगाआधी प्रत बघा. अमेरिकेत 'व्हरायटी'चा सुरुवातीचा भाग कापला होता. त्यात नायक (नट एमिल यानिंग्ज) बायको-मुलाला टाकून दुसरीबरोबर निघून जातो. तो भाग गेला की हा गडी निव्वळ फसवला गेलेला नवरा ठरतो आणि शेवटाचा अर्थच बदलतो. २०१५ ची पुनर्संचयित प्रत घ्या.

'द अननोन'च्या जुन्या प्रती ५० मिनिटांच्या आसपासच्या. जॉर्ज ईस्टमन म्युझियमने २०२२ मध्ये चेक प्रतीतून भर घालून केलेली ६६ मिनिटांची आहे, तीच लावा. (यात नायक लॉन चेनी बिनहातांचा म्हणून वावरतो आणि कामं पायांनी करतो. त्यातली बरीच कामं चेनीची नाहीत, ते पाय त्याचा बदली कलाकार पॉल डेसमुकचे. फ्रेममध्ये चेहरा आणि पाय कसे जुळवलेत ते बघण्यासारखं आहे.)

रीळवेडा: मग 'द सर्कस'लाही झोक्याचा हिशेब लावू?

तंबूतला: नको. विनोदी प्रसंगात कॅमेऱ्याचा हातदांडा मुद्दाम सावकाश फिरवत, म्हणजे सेकंदाला कमी फ्रेम टिपल्या जातात आणि पडद्यावर धावपळ वाढते. ती घाई दोष नव्हे. शिवाय चॅप्लिनने नंतर स्वतः संगीत दिलेली प्रत त्या संगीताशी बांधलेली आहे. वेग बदललात की ठेका आणि आपटणं यांचा मेळ सुटतो.