ला ग्रांद नदीची वीज ‘स्वच्छ’ म्हणायची का?

हिमकण: मी कॅनडात मॉन्ट्रियलला राहतो. बाहेर उणे पंचवीस असतं तेव्हा घर उबदार ठेवणारी बरीचशी वीज हजारेक किलोमीटर उत्तरेच्या ला ग्रांद नदीवरून येते. जुन्या कठीण खडकाचं, तळ्यांनी भरलेलं पठार आणि तिथून जेम्स उपसागरापर्यंत टप्प्याटप्प्याने उतार. या नदीवरचं एकटं रॉबेर-बुरासा जलविद्युत केंद्र ५६१६ मेगावॉटचं, आपल्या कोयनेच्या जवळपास तिप्पट. कोळसा नाही, धूर नाही. मला तरी ही वीज स्वच्छच वाटते.

कातळवाट: धूर नाही, मान्य. पण एवढं पाणी त्या नदीचं एकटीचं नाहीच. दक्षिणेची ईस्टमेन वळवली, उत्तरेला उंगावा उपसागराकडे जाणाऱ्या कानियापिस्काऊचं पाणीही इकडे ओढलं. शिवाय नदीचे ऋतू उलटे झाले. पूर्वी हिवाळ्यात पाणी बर्फात अडकून नदी रोडावायची, वसंतात पूर यायचा. आता तुमचे हीटर लागतात तेव्हाच धरणातून पाणी सुटतं, त्यामुळे मुखाजवळचा बर्फ भरवशाचा राहिला नाही. तिथले मूळ रहिवासी क्री लोक त्याच बर्फावरून शिकारीला जात. वाढलेल्या पाण्याने काठ खचतील म्हणून फोर्ट जॉर्ज बेटावरचं गाव १९८०च्या सुमारास मुख्य भूमीवर हलवलं. नव्या गावाचं नाव चिसासिबी, म्हणजे क्री भाषेत ‘मोठी नदी’.

हिमकण: बर्फाचं माहीत नव्हतं. पण सरकारशी झालेल्या १९७५च्या करारात क्रींना भरपाई मिळाली, शिकारीचे हक्क मिळाले. आपल्या धरणग्रस्तांना एवढं तरी कुठे मिळालं?

नाचणी: १९७१ला प्रकल्प जाहीर झाला तो क्रींना न विचारता. १९७३मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवलं, तर आठवड्याभरात वरच्या कोर्टाने ते पुन्हा सुरू करून दिलं. काम चालू असताना केलेल्या वाटाघाटी या! पुढे बुडालेली झाडंझुडपं कुजली आणि माशांमध्ये पारा वाढला. रोजच्या जेवणातला मासा जपून खा म्हणून सांगायची वेळ आली. आमच्या आजोळचं गावही धरणात गेलं. आजोबांचा हात भातलावणीचा, जमीन मिळाली ज्वारीच्या मुलखात. शेवटपर्यंत ते शेजाऱ्याला विचारून पेरायचे. भरपाई मिळाली होती हो त्यांनाही.

दूरदेशी: तरी पुढचंही सांगायला हवं. ग्रेट व्हेल नदीवरचा प्रकल्प क्रींच्या विरोधामुळे १९९४मध्ये बाजूला ठेवावा लागला. सरकारशी झालेल्या २००२च्या नव्या करारावर त्यांनी मतदान करून होकार दिला. मग तो होकारही खोटा धरायचा का?

नाचणी: नाही, तो खराच. पण तो २००२चा. ला ग्रांदवर धरण बांधलं तेव्हा कोणी विचारलं होतं?