थांबलेल्या स्कूलबसला ओलांडून जाणाऱ्यांचं काय करायचं?

मध्यजर्सीकर:

विषय जुनाच, पण शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी रक्त आटतंय, म्हणून धागा काढतोय.

आमचं डेव्हलपमेंट (घरांची वसाहत) अमेरिकेत, मध्य न्यू जर्सीत. वेगमर्यादा २५ मैल, फूटपाथ एकाच बाजूला, पोरंटोरं भरपूर. सकाळी बस कोपऱ्यावर येते. आधी वरचे पिवळे दिवे लुकलुकतात, बस थांबली की लाल लागतात, डाव्या अंगाने 'स्टॉप'ची अष्टकोनी पाटी बाहेर येते आणि पुढच्या बंपरवरून एक लांब दांडा उघडतो. तो दांडा पोरांसाठी. बसच्या अगदी नाकाखालून गेलं तर ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून दांड्याला वळसा घालून पलीकडे जायचं. एवढा जामानिमा चालू असताना समोरून गाडी येते आणि सर्रकन निघून जाते. काही जण तर पिवळे दिवे दिसले की उलट गाडी दामटतात, लाल व्हायच्या आत निसटायला.

आता खरी गोम. हा रस्ता पुढे कुठे जातच नाही, आमच्याच वस्तीत फिरून परत येतो. म्हणजे पळवणारे आमचेच शेजारी. कुणाला न्यूयॉर्कची ट्रेन गाठायची असते, कुणाची मीटिंग असते. गणपतीत आरतीला पुढे उभे राहणारेही त्यात आहेत. त्यांच्या स्वतःच्या पोरांची बस मागच्या कोपऱ्यावर थांबते, तिथे मात्र हेच लोक दुसऱ्यांवर डाफरतात.

कायदा लेचापेचा नाही. लाल दिवे लागले की दोन्ही दिशांच्या गाड्यांनी निदान २५ फुटांवर थांबायचं. पहिल्याच गुन्ह्याला किमान १०० डॉलर दंड, १५ दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा होऊ शकते, शिवाय लायसन्सवर ५ पॉइंट्स (गुन्ह्यांचे गुण). सहा झाले की सरचार्ज, म्हणजे दंडाशिवायचा जादा आकार, मागे लागतो. पण पकडणार कोण? पोलिसांची गाडी उभी असेल त्या दिवशी सगळे शहाण्यासारखे थांबतात.

माझं स्पष्ट मत: बसच्या पाटीवर कॅमेरे हवेत. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा केला. पहिल्या वेळी २५० डॉलर, दुसऱ्या वेळी २७५, मग ३००. दंडाचं तिकीट थेट घरी. इतरांना काय वाटतं?

तिरपागडा:

कॅमेरा म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या येतात. न्यू जर्सीत सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचा प्रयोग झाला होता, आठवतं का? २०१२ मध्ये बरेचसे कॅमेरे काही काळ बंद ठेवावे लागले, कारण पिवळा दिवा नियमाप्रमाणे पुरेसा वेळ लागतो की नाही हेच कुणी तपासलं नव्हतं. २०१४ च्या डिसेंबरात प्रयोग गुंडाळला. बसवरच्या कॅमेऱ्यांचा धंदाही त्याच वळणाचा. कंपनी यंत्रं फुकट बसवून देते आणि दंडातला वाटा घेते. म्हणजे गाड्या जितक्या पळतील तितका नफा. पोरांच्या सुरक्षिततेशी ज्याचं हित उलटं बांधलेलं, त्याच्या हाती राखणदारी द्यायची?

आणि एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. न्यूयॉर्कचं ते तिकीट गाडीच्या मालकाला येतं, चालवणाऱ्याला नाही. म्हणून लायसन्सवर पॉइंट्स नाहीत. ज्याला २५० डॉलर म्हणजे एका रात्रीचं हॉटेल, तो भरेल आणि पुन्हा जाईल. इथे न्यू जर्सीत पोलिसाने पकडलं की ५ पॉइंट्स, इन्शुरन्स वाढणार. धाक त्याचा असतो.

मध्यजर्सीकर:

तिरपागडा, धाक तुमचा बरोबर, पण तो पोलीस आणायचा कुठून? आमच्या टाउनशिपमध्ये (म्हणजे गावच्या पालिकेच्या हद्दीत) सकाळी कितीतरी बसथांबे एकाच वेळी चालू असतात. वाटेकरी कंपनी नको असेल तर ठरावीक भाडं द्या तिला.

रूटवनचा_वाटसरू:

मला स्कूलबस ओलांडल्याचं तिकीट मिळालेलं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चार लेनचा रस्ता, मधे पिवळे पट्टे रंगवलेले, आणि बस पार पलीकडच्या कडेला. मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं गाडी चालवली. तिथे दोन्ही दिशांना दोन किंवा जास्त लेन असतील तर समोरून येणाऱ्याने थांबायचं नसतं. इथे न्यू जर्सीत मधे खरोखरचा दुभाजक लागतो. तो असेल तर पलीकडच्याने १० मैलांवर वेग आणून जायचं. नुसता रंग चालत नाही. आणि हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलात तर दुभाजक असला तरी थांबायचं! तीन राज्यं, तीन तऱ्हा. लायसन्स बदलून घेताना यातलं काही कुणी समजावत नाही.

कोर्टात गेलो, वकील केला. सरकारी वकील या कलमाला सहसा हात लावू देत नाही म्हणतात, पण माझ्या बाबतीत 'अनसेफ ड्रायव्हिंग'च्या हलक्या गुन्ह्यावर तडजोड झाली. पॉइंट्स शून्य, सरचार्ज २५०, वकिलाचे वेगळे. मी अजूनही म्हणतो, असा रस्ता बांधायचा आणि मग माणसाला गुन्हेगार ठरवायचं, हे बरोबर नाही.

आक्का:

वाटसरू, लाल दिवे लुकलुकताना दिसले होते ना? मग थांबायला कुठल्या राज्याचं पुस्तक लागतं? जिथे थांबायची गरज नव्हती तिथे थांबलात तर फार तर मागचा हॉर्न मारेल. आणि पैसे मोजून तिकीट धुऊन काढायची सोय आहे हे तुम्हीच सांगताय. मग कायदा कडक आहे म्हणून मध्यजर्सीकरांनी पाठ थोपटून घ्यायची ती कशाला!

रूटवनचा_वाटसरू:

आक्का, ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर उगाच थांबलात तर मागचा हॉर्न मारत नाही, येऊन आदळतो.

लेस्टरचा_लंबू:

इथे ब्रिटनमध्ये थांबलेल्या स्कूलबसला ओलांडू नये असा कायदाच नाही, ऐकून आश्चर्य वाटेल. हायवे कोडमध्ये सावध राहा, पोरं अचानक रस्त्यावर येतील, इतकंच. पण शाळेजवळ पिवळं जाकीट घातलेली एखादी आजी हातात गोल पाटीची काठी घेऊन उभी असते, लॉलीपॉप लेडी म्हणतात. तिने पाटी धरली की थांबणं कायद्यानेच बंधनकारक.

माझा प्रश्न वेगळा आहे. पोराला रस्ता ओलांडायला लावताच कशाला? तुमच्याकडे बस एकदाच एका दिशेने जाते आणि दोन्ही बाजूंची पोरं गोळा करते, कारण फेरा वाचतो. डिझेल वाचवायचं शाळेच्या खात्याने आणि जोखीम पोराची. तुम्ही सगळे गाडीवाल्यांशी भांडताय.

हूजरमधला_मराठी:

लेस्टरचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या इंडियानात रॉचेस्टरजवळ ३० ऑक्टोबर २०१८ ला काय झालं ते इथल्या प्रत्येक आईबापाला पाठ आहे. राज्य मार्ग २५, वेगमर्यादा ५५ मैल, सूर्य उगवायचा होता. बस उभी, लाल दिवे चालू, पाटी बाहेर. नऊ वर्षांची मुलगी आणि तिचे सहा वर्षांचे जुळे भाऊ बसकडे जायला रस्ता ओलांडत होते. समोरून पिकअप आली आणि तिघंही जागीच गेली. चौथा एक मुलगा वाचला, पण जबर जखमी. चालवणारी बाई दारू प्यायलेली नव्हती. दिवे दिसले, पण ती बस आहे हे उमगलं नाही, असं तिचं म्हणणं. चार वर्षांची कैद झाली.

२०१९ मध्ये राज्याने कायदा बदलला. शिक्षा वाढवली, पण माझ्या मते महत्त्वाचं कलम दुसरंच: अशा मोठ्या मार्गांवर, दुसरा सुरक्षित पर्याय असेल तर, पोराला रस्ता ओलांडावा लागेल असा थांबा ठेवायचा नाही. ही अक्कल आधी का सुचली नाही, असं इथे पुष्कळ जण विचारतात.

आकडेमोड्या:

थोडं थंड डोक्याने. अमेरिकेतल्या राज्यांच्या शालेय वाहतूक संचालकांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी एक दिवस बसचालकांकडून मोजणी करून घेते. २०२३ च्या मोजणीवरून १८० दिवसांच्या शालेय वर्षात देशभर ४ कोटी ३५ लाखांवर वेळा बस ओलांडली जाते असा अंदाज निघाला. घाबरवणारा आकडा आहे, पण एका दिवसावरून वर्षाचा गुणाकार आहे हेही लक्षात घ्या. उलट बाजू अशी, की केंद्राचं रस्तासुरक्षा खातं स्वतः सांगतं, आईबापांच्या गाडीपेक्षा स्कूलबसमधून जाणारं मूल सुखरूप पोहोचण्याची शक्यता ७० पट जास्त. तेव्हा या धाग्यामुळे घाबरून कुणी पोराला स्वतः सोडायला लागू नका. शाळेच्या दारातली ती गाड्यांची रांग आणखी धोक्याची.

आक्का:

कोट्यवधी वेळा ओलांडूनही फारसे मेले नाहीत, असा निष्कर्ष काढायचा का मग?

आकडेमोड्या:

नाही. निष्कर्ष असा, की बहुतेक वेळा पोर त्या क्षणी रस्त्यात नसतं, म्हणून चालवणाऱ्याला काही झालं नाही असं वाटतं आणि सवय लागते.

कोथरूडकर:

तुमची चर्चा वाचून करमणूक झाली. आमच्याकडे बसचा पिवळा रंग, ताशी ४० ची मर्यादा, खिडक्यांना आडवे गज, सोबत सेवक, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. महाराष्ट्राची स्कूलबस नियमावली २०११ ची आहे, शाळाशाळांत परिवहन समिती आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बसमधली मावशी. ती आधी स्वतः उतरते, रस्त्यात आडवी उभी राहते, एक हात वर, दुसऱ्या हाताने पोराचं दप्तर धरलेलं, आणि तोंडाचा पट्टा चालू. कसला कॅमेरा अन् कसली पाटी! तुमच्या बसमध्ये ड्रायव्हर सोडला तर मोठं माणूस नसतं, ही खरी अडचण आहे.

बावधनची_आई:

कोथरूडकर, चित्र छान रंगवलंत! आमच्या सोसायटीच्या फाटकावर मावशी अशीच उभी राहते आणि तिच्या मागून, बस आणि फूटपाथच्या मधल्या फटीतून, ॲक्टिव्हा जाते. पोर दारातून पाऊल टाकणार त्याच बाजूने! मागे बस अडकली की चारचाकीवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. मावशी ओरडते ते त्याला काच वर असल्याने ऐकूही जात नाही. आणि व्हॅन-रिक्षांतून जाणाऱ्या पोरांना तर मावशीही नाही.

कोथरूडकर:

मान्य. पण मावशी नसती तर काय झालं असतं, तेही बघा.

वहिनी_बसवाली:

मी न्यू जर्सीत स्कूलबस चालवते. त्यासाठी व्यावसायिक लायसन्स आणि त्यावर प्रवासी व स्कूलबसचे वेगळे शिक्के लागतात. म्हणून चार शब्द.

'ड्रायव्हरने नंबर टिपून तक्रार करावी' असं लोक सहज म्हणतात. त्या क्षणी माझी नजर कुठे असते सांगते. उजव्या आरशात शेवटचं पोर चढतंय का, पुढच्या बहिर्गोल आरशात बंपरपाशी कुणी वाकलंय का (शूजची लेस नेमकी तिथेच सुटते), आणि आतल्या आरशात मागच्या बाकांवर चाललेली मारामारी. तेवढ्यात डावीकडून गाडी जाते. रंग कळतो, कधी मॉडेल. नंबर हवा, वेळ हवी, शक्य तर चालवणाऱ्याचं वर्णन हवं. त्यातून गाडी पेनसिल्व्हेनियाची असेल तर पुढे नंबरप्लेटच नसते, तिथे फक्त मागे लागते. मी हॉर्न दाबते आणि पोराला हाताने 'थांब' करते. नंबर गेला उडत.

लेस्टरवाल्यांना सांगते, घराच्या बाजूनेच घ्यायचं म्हटलं तर माझा फेरा बराच लांबतो आणि मला पाठोपाठ दुसरी शाळा करायची असते. ड्रायव्हर मिळत नाहीत. तरी पोरं फारच लहान असतील तिथे थांबा बदलून मागता येतो. लेखी मागा, बसस्टॉपवर कॉफी पीत कुरकुरून काही होत नाही. आणि कॅमेरा आला तर मला हवाच आहे, नफा कुणाचाही होवो.

तिरपागडा:

वहिनी, तुमच्यापुढे वाद घालणं जड आहे. तरी एक विचारतो: चुकून तुम्ही पोर चढल्यावर पाटी आत घ्यायला उशीर केलात आणि त्या काही सेकंदांत कुणी गेलं, तर कॅमेरा त्यालाही तिकीट देणारच ना?

वहिनी_बसवाली:

देईल. पाटी बाहेर आहे तोवर थांबायचं. पोर बसलं की नाही ते मी ठरवते, बाहेरच्याने नाही. दप्तर उघडं राहिलं म्हणून अर्धवट रस्त्यातून परत फिरणारी पोरं मी पाहिलेली आहेत.

मध्यजर्सीकर:

वहिनींचं ऐकून शाळेच्या वाहतूक विभागाला आणि टाउनशिपला एकच पत्र लिहायला घेतलंय. मागण्या: कोपऱ्यावरचा थांबा फूटपाथच्या बाजूला हलवावा, सप्टेंबरात आणि (उन्हाळी-हिवाळी वेळेसाठी) घड्याळं बदलल्यावर सकाळी पोलिसांची गाडी ठेवावी, आणि कॅमेऱ्यांचा पाठपुरावा करावा. आमच्या भागातले जे आहेत त्यांनी सह्या कराव्यात. आरतीवाल्यांकडेही पत्र घेऊन जाणार आहे, बघू कोण नजर चुकवतो.

तिरपागडा:

पहिल्या दोन मागण्यांखाली सही करतो. कॅमेऱ्याचं वाक्य काढा.

मध्यजर्सीकर:

वाक्य राहणार. वाटल्यास खाली तुमचा विरोध लिहून सही करा, तोही पाठवतो.

तिरपागडा:

पाठवा. वाटेकरी कंपनीचा मुद्दा मात्र माझ्याच शब्दांत हवा.