'फ्लुओरेसंट प्रोब'ला मराठीत काय म्हणावं?

पेशीवाली: २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी कॉलेजात मराठी फलक करतेय. जिवंत पेशीतली अंगकं (पेशीच्या आतले छोटे अवयव) एकमेकांजवळ कुठे येतात ते फ्लुओरेसंट प्रोबने, म्हणजे उजेड पडला की स्वतः चमकणाऱ्या खुणेच्या रेणूने, कसं बघतात, असा विषय. मी 'प्रतिदीप्त शोधक' लिहिलं. विभागातले सर म्हणाले, शोधक म्हणजे शोधणारा माणूस. मग काय लिहू?

तत्सम: एषणी! सुश्रुताच्या शस्त्रांच्या यादीत आहे, व्रणाचा माग काढायची सळई. घरात असताना दारोदार कशाला?

पेशीवाली: सळई आपण खुपसतो, हा रेणू आपणहून जाऊन बसतो. मायटोट्रॅकर नावाचा प्रोब धनभारित, तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) ऋण बाजूकडे ओढला जातो. लायसोट्रॅकर लयकारिकेतल्या (लायसोसोममधल्या) आम्लात अडकतो. एषणी म्हटलं तर पोरं टोचणीच समजतील.

जुना रंगारी: सरळ 'रंग' म्हणा की. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचं सूत रंगवायचे. रंग धरतो, चढतो, उडतो. तुमचा उडतो का नाही?

पेशीवाली: उडतो ना, लेसरखाली बघता बघता फिका पडतो. फोटोब्लीचिंगला 'रंग उडणे' लिहूनच टाकते. पण जेलीफिशचं हिरवं प्रथिन (शोध शिमोमुरांचा, १९६२, नोबेल २००८) पेशी स्वतःच बनवते. त्याला रंग कसं म्हणू?

तत्सम: निदान 'प्रतिदीप्त' तरी सोडू नका. नुसतं 'चमकणारा' म्हणाल, तर काजवाही चमकतो.

होटगी रोड: काजव्याला बाहेरचा उजेड लागत नाही, तेवढं मान्य. पण फ्लुओरेसन्स तरी कुठे सोवळा आहे? स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये तो शब्द फ्लुओरस्पार नावाच्या दगडावरून पाडला. आपण टिनोपॉलवरून (पांढऱ्या कपड्यांना चमक आणायची पूड) पाडू! टिनोपॉल दिलेला सदरा नोटा तपासायच्या दिव्याखाली धरा, निळा पेटतो.

जुना रंगारी: आई नीळ द्यायची, ते पण तेच.

होटगी रोड: नाही हो. नीळ पिवळेपणा झाकते, स्वतः उजेड टाकत नाही.

जुना रंगारी: आमच्या आईची टाकायची. पांढरं धोतर गल्लीच्या टोकावरून दिसायचं.

पेशीवाली: मंडळी, नीळ राहू द्या, अंगकं जवळ येतात त्या कॉन्टॅक्टलाही शब्द हवाय. 'संपर्क' म्हटलं की मोबाइल. 'संयोग' म्हणजे एकच झाले. इथे दोन अंगकांच्या पटलांत (बाहेरच्या पातळ आवरणांत) साधारण १० ते ३० नॅनोमीटर फट राहते. साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० च्या आतलं सुटं दिसत नाही, म्हणून एक अंगक लाल, दुसरं हिरवं केलं आणि लाल-हिरवा मिळून पिवळा दिसला तरी अंगकं लागून आहेत की नुसती आसपास, ते कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे चमकणाऱ्या प्रथिनाचे दोन तुकडे करून एकेक अंगकावर एकेक बसवायचा. अगदी जवळ आले तरच जुळतात आणि चमकतात. हिरव्या प्रथिनाचे तुकडे मात्र एकदा जुळले की सहसा सुटत नाहीत, ही त्यातली गोची.

तत्सम: सान्निध्य.

जुना रंगारी: खेटणं! एसटीत खेटून बसतो, म्हणून काय एक होतो?

तत्सम: विज्ञान दिनाच्या फलकावर 'खेटणे'? उद्या 'ढुसणी' लिहाल.

होटगी रोड: का नको? लागून, पण वेगळं, हे सान्निध्यात कुठे येतं? शेजारच्या गल्लीतलाही सान्निध्यातच.

उत्तर कसबा: 'खेटे घालणे' ह्यातलंच. खेटरही. पायाला खेटतं ते खेटर.

तत्सम: पुरावा?

उत्तर कसबा: आजोबा म्हणायचे.

तत्सम: आजोबा म्हणजे व्युत्पत्तिकोश नव्हे.

उत्तर कसबा: बघतो कोशात. पण चपलांचं दुकान त्यांचं होतं, कोशवाल्यांचं नव्हे.