काटेसावरीखालचे लाल-काळे किडे: एक जात की अनेक?

रानवाट: काटेसावरीच्या झाडाखाली फुटलेल्या बोंडांभोवती लाल-काळ्या किड्यांचे दाट घोळके जमले आहेत. त्यांतील काहींना पंख आहेत, काही बिनपंखी व लालभडक आहेत, तर एखाददुसरा अगदी फिकट आणि मऊ अंगाचा दिसतो. मोठ्या किड्यांच्या जोड्या मागच्या टोकांनी एकमेकांना जुळलेल्या असून त्याच अवस्थेत चालत असतात. खोड व पाने पालथी घालूनही अंडी मात्र कुठेच आढळली नाहीत. ही एकच जात आहे की अनेक जाती एकत्र आल्या आहेत?

कीटकमित्र: वर्णनावरून हा लाल ढेकण्या, म्हणजे डिसडर्कस प्रजातीतील कीटक दिसतो. भारतात या प्रजातीतील डिसडर्कस कोनिगी आणि डिसडर्कस सिंग्युलॅटस या दोन जाती नेहमी आढळतात. दोहोंचे वर्णन फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये केले आणि त्या इतक्या सारख्या आहेत की नुसत्या नजरेने त्या वेगळ्या ओळखणे कठीण जाते. प्रौढ कीटक साधारण १२ ते १८ मि.मी. लांब असतो. डोक्यामागे पांढरी पट्टी, पुढच्या पंखांच्या लाल, जाडसर भागावर प्रत्येकी एक काळा ठिपका आणि पंखांची टोके काळी, ही त्याची ठळक लक्षणे होत. किडा उलटा करून पाहिल्यास लाल पोटावर पांढरे आडवे पट्टे ओळीने दिसतात, आणि खूण म्हणून हे पट्टेच मला सर्वांत भरवशाचे वाटतात.

काटेसावर, कपाशी, भेंडी, अंबाडी, जास्वंद या एकाच कुळातील वनस्पतींवर हा कीटक जगतो आणि त्याचा खरा रोख बियांवर असतो. कापसातून सोंड आत खुपसून तो सरकीत लाळ सोडतो व विरघळलेला गर शोषून घेतो. त्या जखमांतून बुरशी शिरली की कापसावर पिवळसर-तांबूस डाग पडतात.

पानोपानी: अंडी झाडावर मिळणारच नाहीत. मादी ती ओलसर, भुसभुशीत मातीत किंवा मातीच्या भेगांत पुंजक्याने घालते आणि एका पुंजक्यात पुष्कळदा ५० हून अधिक अंडी असतात. सुरुवातीला फिकट पिवळी असलेली ही अंडी उबण्याच्या सुमारास नारिंगी होतात आणि साधारण आठवड्याभरात पिल्ले बाहेर पडतात. पहिल्या अवस्थेतील पिल्ले बिया खात नाहीत, त्यांना केवळ ओलावा लागतो. दुसऱ्या अवस्थेपासून ती गळून पडलेल्या बियांवर घोळक्याने तुटून पडतात. पाच वेळा कात टाकून ती प्रौढ होतात. मधल्या अवस्थांत पंखांचे काळे अंकुर पाठीवर दिसू लागतात, तोपर्यंत त्यांना बिनपंखी म्हणणेच योग्य. आपण पाहिलेला फिकट किडा नुकतीच कात टाकलेला असणार. काही वेळाने त्याचे अंग कडक होऊन रंग भरतात. उष्ण हवेत ही सारी वाढ सुमारे महिन्याभरात आटोपते, थंडीत ती बरीच लांबते. जोड्यांचे मीलनही एका दिवसाहून अधिक काळ चालू शकते, म्हणूनच ते इतके सहज नजरेस पडते.

रानवाट: आपल्या उत्तरांमुळे बराच उलगडा झाला. मात्र एका मोठ्या लाल किड्याने आपली सोंड दुसऱ्याच्या अंगात खुपसलेली पाहिली. बिया खाणारा किडा असे करतो का?

पानोपानी: तो बहुधा अँटिलोकस असावा. लाल ढेकण्याच्याच कुळातला हा कीटक लाल ढेकण्यांचीच शिकार करतो. तो शेतकऱ्याचा मित्र आहे, म्हणून सरसकट फवारणी करण्याआधी घोळका नीट न्याहाळावा.

कीटकमित्र: ही शक्यता आहेच, परंतु एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण अन्न कमी पडले किंवा गर्दी वाढली की लाल ढेकण्या स्वतःच्याच जातीतील दुबळ्या किंवा नुकतीच कात टाकलेल्या पिल्लांनाही शोषतो. म्हणून आधी बळी पाहावा: तो मऊ, फिकट अंगाचा असेल तर हा स्वजातिभक्षणाचा प्रकार असू शकतो, धडधाकट, पूर्ण वाढलेला असेल तर अँटिलोकसची शक्यता वाढते. त्यानंतर शोषणाऱ्याच्या पंखांवरील काळे ठिपके आणि पोटावरील पांढरे पट्टे तपासावेत. ते असतील तर तो लाल ढेकण्याच आहे. बाजूने व पोटाकडून घेतलेले छायाचित्र इथे टाकता आले, तर नक्की सांगता येईल.